उजवा हात

एखादा माणूस दुसऱ्याच्या कामात भरवशाचा साथीदार असला म्हणजे मराठीत आपण त्याला 'उजवा हात' म्हणतो. दिवाणजी हे मालकांचा उजवा हात, थोरली सून ही सासूबाईंचा उजवा हात, असे आपण सहज बोलून जातो. हा नुसता बोलण्याचा प्रकार आहे, कोणी कोणाला आपला हात काढून देत नाही, हेही आपल्याला ठाऊक असते. पण आज मी ज्या गाण्यांच्या तबकडीविषयी बोलणार आहे, तिच्या बाबतीत हा वाक्प्रचार अक्षरशः खरा ठरला. ज्याच्या नावावर ती तबकडी निघाली त्याचा डावा हात गिटारच्या तारा दाबी, आणि त्याच तारा उजव्या हाताने छेडायचे काम त्याची बायको करी. दोन माणसांचे दोन हात मिळून एक वादक तयार होत असे. तबकडीवर नाव मात्र एकाचेच होते आणि तेच योग्यही होते. ते का, हेच मला सांगायचे आहे.

हा गायक म्हणजे स्कॉटलंडचा एडविन कॉलिन्स. त्याचा जन्म १९५९ साली एडिंबरोत झाला, आणि त्याचे नाव झाले ते ग्लासगो शहरात. तबकडीचे नाव 'लूझिंग स्लीप', म्हणजे 'झोप उडणे'. ती २०१० साली प्रसिद्ध झाली.

पाश्चात्त्य संगीतात ज्याला 'इंडी रॉक' म्हणतात त्या परंपरेतला हा माणूस. 'इंडी' हे 'इंडिपेंडंट', म्हणजे 'स्वतंत्र', या शब्दाचे लाडके रूप. हे स्वातंत्र्य प्रथम पैशाचे होते. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या दारात न जाता चार मित्रांनी पदरचे पैसे घालून तबकडी काढायची, ती दुकानादुकानांतून स्वतः नेऊन द्यायची आणि खपली तर दुसरी काढायची, असा हा व्यवहार. कॉलिन्सच्या मंडळीचे नाव होते 'ऑरेंज ज्यूस', म्हणजे चक्क 'संत्र्याचा रस'. त्या काळातले तरुण बँड स्वतःला उग्र, भयंकर नावे घेत असत. त्यांच्या शेजारी हे नाव मुद्दामच मवाळ ठेवलेले दिसते. ॲलन हॉर्न नावाच्या त्यांच्या मित्राने 'पोस्टकार्ड' ही चिमुकली संस्था आपल्या राहत्या जागेतून चालवली. १९८० साली तिची पहिली तबकडी निघाली ती ऑरेंज ज्यूसचीच. संस्था जेमतेम दोन वर्षे टिकली, पण पुढे इंग्लंड-स्कॉटलंडात जे जे स्वतंत्र बाण्याचे संगीत झाले त्याने या पोस्टकार्डाचे ऋण वेळोवेळी मान्य केले आहे.

ऑरेंज ज्यूसच्या गाण्यांत दोन गोष्टी उठून दिसत. एक म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नृत्यसंगीताचा ठेका आणि त्यावर जरा बेसूर वाटेल अशी खणखणणारी गिटार. दुसरी म्हणजे शब्द. कॉलिन्स शब्दांशी खेळे. तो प्रेमात पडला तरी स्वतःची थट्टा करीत पडे, आणि प्रेमभंग झाला तर त्या दुःखालाही एखादी कोटी जोडून देई. १९८३ साली 'रिप इट अप' हे त्यांचे गाणे ब्रिटनच्या खपाच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेले. तेवढे एकच मोठे यश. १९८५ साली मंडळी मोडली.

बँडमध्ये चार-पाच वादक असले तरी पुढे उभे राहून गाणारा एकच असतो. इंग्रजीत त्याला 'फ्रंटमन' म्हणतात, आपण म्होरक्या म्हणू. मंडळी मोडली, की म्होरक्या बहुधा स्वतःच्या नावाची तबकडी काढतो. अशा तबकडीकडे रसिक जरा संशयानेच पाहतात, आणि त्याला कारण आहे. मंडळीत असताना चालीवरून भांडणे होतात, कोणी म्हणतो हे कडवे काढ, कोणी म्हणतो हा ठेका नको. या ओढाताणीतून गाणे घडते. म्होरक्या एकटा झाला की त्याला 'नको' म्हणणारा कोणी उरत नाही. मग गाणी लांबतात, सजावट वाढते, आणि आपल्याच आवाजाच्या प्रेमात पडण्याचा धोका निर्माण होतो.

कॉलिन्सची एकट्याची पहिली तबकडी १९८९ साली आली. त्याचे एकटेपण मात्र फार काळ दुर्लक्षितच राहिले. मग १९९४ साली 'गॉर्जस जॉर्ज' ही तबकडी निघाली, आणि तिच्यातल्या 'अ गर्ल लाइक यू' या गाण्याने चमत्कार केला. १९९५ साली ते ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेले आणि युरोपभर गाजले. आलेल्या पैशातून त्याने काय केले? लंडनच्या वेस्ट हॅम्पस्टेड भागात जुन्या पद्धतीची यंत्रे जमवून त्याने स्वतःचे ध्वनिमुद्रणगृह थाटले. स्वतंत्र बाण्याच्या माणसाचे स्वप्न ते हेच: स्वतःची यंत्रे, स्वतःची वेळ आणि स्वतःचे कुलूप.

त्याच 'गॉर्जस जॉर्ज'चे पहिले गाणे म्हणजे रॉक संगीताच्या ढोंगीपणावरची एक लांबलचक उपहासात्मक फैर आहे. साडेसहा मिनिटांच्या आसपास तो माणूस एकामागून एक टोमणे मारीत सुटतो. शब्दांवरची हुकमत म्हणजे काय ते या गाण्यात ऐकावे. ते मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण थोड्याच वेळात मला त्याची आठवण पुन्हा काढावी लागणार आहे.

फेब्रुवारी २००५. कॉलिन्स पंचेचाळीस वर्षांचा होता. नवी तबकडी जवळजवळ ध्वनिमुद्रित होऊन पडली होती. बीबीसीच्या एका रेडिओ वाहिनीवर तो मुलाखतीला गेला असता त्याला बरे वाटेना. भोवळ, मळमळ. खाण्यातून काही बाधले असेल असा समज झाला. दोनच दिवसांत त्याच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. रुग्णालयात असताना पुन्हा एकदा रक्तस्राव झाला. मग शस्त्रक्रिया, त्यानंतर जंतुसंसर्ग. सहा महिने तो रुग्णालयात होता. जीव वाचला, पण शरीराची उजवी बाजू लुळी पडली, वाचता-लिहिता येईना आणि वाचा गेली.

वाचा गेली म्हणजे आवाज गेला नव्हता. आवाज होता, पण शब्द नव्हते. वैद्यकशास्त्रात याला वाचाघात म्हणतात. बहुतेक माणसांच्या मेंदूचा डावा अर्धा भाग भाषेचा कारभार पाहतो, आणि शरीराची उजवी बाजूही तोच डावा भाग हलवतो. म्हणून उजवा हात आणि बोलणे ही दोन्ही पुष्कळदा एकाच दिवशी जातात. पॅरिसमधील डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ साली ज्या रोग्याच्या मेंदूचा अभ्यास केला, त्याला कित्येक वर्षे 'टॅन' एवढाच एक उच्चार करता येत असे. कोणी काही विचारो, उत्तर 'टॅन टॅन'. त्याच्या मेंदूच्या डाव्या भागात, पुढच्या बाजूला, इजा सापडली, आणि बोलण्याचे ठिकाण कोठे असावे याचा पहिला पक्का धागा शास्त्राला मिळाला.

कॉलिन्सच्या वाट्याला 'टॅन'पेक्षा थोडे अधिक आले. शुद्धीवर आल्यानंतर तो चार गोष्टी म्हणू शके. 'होय'. 'नाही'. 'ग्रेस मॅक्सवेल', हे त्याच्या बायकोचे नाव. आणि चौथे एक अख्खे वाक्य, ज्याचा अर्थ 'शक्यतांना अंत नाही'. हे वाक्य कोठून आले ते कोणालाच कळले नाही. तो ते पुन्हापुन्हा म्हणे. पुढे २०१४ साली त्याच्यावर जो अनुबोधपट निघाला, त्याला याच वाक्याचे नाव देण्यात आले. ऐकणाऱ्याला वाटते, केवढा हा आशावाद! पण मला वाटते, या वाक्याला लगेच सुविचाराच्या फळ्यावर चढवू नये. ज्या माणसाला पाणी मागता येत नाही, तो 'शक्यतांना अंत नाही' असे म्हणतो, तेव्हा त्यात आशा किती आणि यंत्राची सुई अडकल्यासारखी अगतिकता किती, हे आपल्याला बाहेरून ठरवता येणार नाही.

येथे मी एक घरचीच गोष्ट सांगतो. मी लहान असताना आमच्या वाड्यात एक आजोबा होते. त्यांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. दिवसभर हाताने खुणा करीत. शब्द तोंडाशी येई, ओठ हलत आणि तेथेच अडे. पण तिन्हीसांजेला आरती सुरू झाली की आजोबा सगळ्यांबरोबर म्हणू लागत. अडखळत नसत. सगळी कडवी स्पष्ट, सुरात. आरती संपली की पुन्हा मुके! आम्हा पोरांना हे ढोंग वाटे. 'आजोबांना बोलता येतं, पण बोलायचंच नाही त्यांना,' असे आम्ही त्यांच्यादेखत म्हणत असू. ते सगळे ऐकत होते, आणि त्यांना सगळे कळतही होते, हे मला फार उशिरा समजले.

हे ढोंग नव्हे. स्वीडनमधल्या अशाच एका रोग्याची नोंद १७४५ सालची आहे. बोलता न येणारा तो माणूस प्रार्थनागीते मात्र शब्दांसकट गाई. स्वतः नवे वाक्य जुळवणे ही एक क्रिया आणि मुखोद्गत गाणे चालीच्या आधाराने पुढे नेणे ही दुसरी. पहिली वाट बुजली तरी दुसरी शाबूत राहू शकते. या दुसऱ्या वाटेवरून पहिलीकडे परत नेता येईल काय, या विचारातून १९७३ साली अमेरिकेत सुरांच्या साहाय्याने बोलणे शिकवण्याची एक उपचारपद्धती मांडण्यात आली. तीत रोग्याने रोजची लहान वाक्ये हाताने ठेका धरून जणू गाऊन म्हणायची असतात. सगळ्यांना सारखा गुण येतो असे नाही, आणि येतो तो नेमका कशाने, सुराने की ठेक्याने, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. पण गाणे हे वाचेच्या मागच्या दाराने आत शिरते, एवढे मात्र खरे.

तेव्हा कॉलिन्स गायक होता म्हणून सुटला, असे आपण म्हणाल. तसे नाही झाले. जुनी गाणी गळ्यातून निघणे वेगळे आणि नवे गाणे रचणे वेगळे. आरती म्हणणाऱ्या आजोबांना कोणी 'चार ओळी नव्या रचून दाखवा' असे म्हणाले असते तर? नेमका तोच डोंगर याच्यापुढे होता. कारण तो नुसता गाणारा नव्हता, रचणारा होता, आणि रचणाऱ्यांतही शब्दांचा शौकीन.

सुरुवात गाण्याने झालीच नाही. ती झाली चित्राने. कॉलिन्सला लहानपणापासून पक्ष्यांचा नाद. बँड नावारूपाला येण्यापूर्वी त्याने ग्लासगोच्या उद्यान खात्यात चित्रकार म्हणून नोकरीही केली होती. आता उजवा हात गेलेला. म्हणून त्याने डाव्या हातात पेन्सिल धरली आणि एक रानबदक काढले. पहिले बदक कोणाही लहान मुलाने काढावे तसे वेडेवाकडे आले. दुसरे काढले, तिसरे काढले. दिवस जाऊ लागले तशी बदकाची मान सरळ झाली, पिसे पिसांसारखी दिसू लागली. पुढे या पक्षीचित्रांचे प्रदर्शन भरले, आणि आपण ज्या तबकडीविषयी बोलत आहोत तिच्या वेष्टनावरही त्याच्या हातचे पक्षी आहेत. बोलण्यातली प्रगती डोळ्यांना दिसत नाही, रोगी निराश होतो. चित्रातली प्रगती मात्र कागदावर उरते. काल काढलेले आणि आज काढलेले शेजारी ठेवता येते. हा फायदा लहान नाही.

मग आजारापूर्वी ध्वनिमुद्रित होऊन पडलेली ती तबकडी बाहेर काढण्यात आली. तिचे नाव 'होम अगेन', म्हणजे 'पुन्हा घरी'. नाव आजाराच्या आधीचे, तरी ऐकणाऱ्याला ते भविष्यकथन वाटावे. गाणी गायलेली होती, वाजवलेली होती, पण निरनिराळे आवाज एकमेकांत बसवून शेवटचा हात फिरवण्याचे काम राहिले होते. आपला जुना सहकारी सेबॅस्टियन ल्यूजली याला बरोबर घेऊन कॉलिन्सने ते पुरे केले, आणि २००७ साली तबकडी प्रसिद्ध झाली. एका अडखळत बोलणाऱ्या माणसाने कर्ण्यासमोर बसावे, कर्ण्यातून त्याचाच धडधाकट, मिस्कील, सलग आवाज यावा, आणि त्याने सांगावे की हा आवाज थोडा वर घ्या, तो थोडा खाली. आपल्याच मागच्या जन्माचे हिशेब तपासावेत तसा हा प्रकार. त्या वेळी त्याच्या मनात काय आले असेल याचा अंदाज मी करीत नाही. काम पुरे झाले, एवढे दिसते.

आणि मग 'लूझिंग स्लीप'. ही त्याची आजारानंतर रचलेल्या गाण्यांची पहिली तबकडी. बारा गाणी. लिहिता येत नव्हते म्हणून सुचलेली ओळ, सुचलेली चाल तो लहानशा ध्वनिमुद्रकावर गुणगुणून ठेवी. गिटारच्या तारांवर डाव्या हाताने सूर धरी, ग्रेस तारा छेडी. ग्रेस ही नुसती त्याची पत्नी नव्हे. आजाराच्या आधीपासून त्याच्या कामाची व्यवस्थाही तीच पाहत असे, म्हणजे रूढ अर्थानेही त्याचा उजवा हात तीच होती. या सगळ्या दिवसांवर तिने २००९ साली एक पुस्तक लिहिले. पुस्तकाला तिने ऑरेंज ज्यूसच्या पहिल्या गाण्याचेच नाव दिले, 'पडणे आणि हसणे' अशा अर्थाचे.

सोबतीला पुष्कळ मंडळी आली. 'द स्मिथ्स' या गाजलेल्या बँडचा गिटारवादक जॉनी मार आला. पोस्टकार्डच्या दिवसांपासूनचा मित्र रॉडी फ्रेम आला. ग्लासगोच्याच 'फ्रान्झ फर्डिनांड' या मंडळीतले ॲलेक्स कप्रानोस आणि निक मॅकार्थी आले. 'द क्रिब्ज'चा रायन जार्मन आला. अमेरिकेहून 'द ड्रम्स' ही तरुण पोरे आली. 'सेक्स पिस्टल्स'चा ढोलवादक पॉल कुक तर त्याचा जुना साथीदारच. यांतली कित्येक मंडळी ऑरेंज ज्यूसच्या तबकड्या ऐकत वाढलेली. त्यांनी नुसती साथ केली नाही, तर अनेक गाण्यांत रचनेचा वाटाही उचलला.

येथे एक शंका येते, आणि ती प्रामाणिकपणे विचारली पाहिजे. आजारी मित्राला हात द्यायला जमलेली ही मंडळी. मग हे संगीत की धर्मादाय? आपण ही तबकडी ऐकतो ती चांगली आहे म्हणून, की त्या माणसाची कीव येते म्हणून?

मी ती पुष्कळदा ऐकली आहे. दोष आहेत. काही ठिकाणी एकच ओळ गरजेपेक्षा जास्त वेळा येते. पाहुण्यांचा आवाज एखाद्या गाण्यात यजमानाला झाकून टाकतो. उच्चार कोठे कोठे जड आहेत. पण पहिल्या गाण्याचा ठेका सुरू झाला, आणि तो घुमणारा खर्जाचा आवाज त्यावर स्वार झाला, की कीव वगैरे काही आठवत नाही. हे धावणारे संगीत आहे. आजाऱ्याच्या खोलीतले मंद दिवे त्यात कोठे नाहीत. उलट विशीतल्या मुलांच्या पहिल्या तबकडीत असते तशी घाई आणि तसा कोरेपणा त्यात आहे. स्वतःची कीव करायला त्या ठेक्यात जागाच ठेवलेली नाही.

आणि शब्द? मघाशी मी १९९४ सालच्या त्या साडेसहा मिनिटांच्या फैरीची आठवण करून ठेवली होती. आता या तबकडीतली गाण्यांची नावेच पाहा. एकाचे नाव 'हंबल', म्हणजे 'विनम्र'. एकाचे 'बोअर्ड', 'कंटाळलेला'. एकाचा अर्थ 'माझी भूमिका काय?' शेवटच्या गाण्याचे नाव 'सत्याच्या शोधात' अशा अर्थाचे. हे शेवटचे गाणे आजारानंतर त्याला प्रथम पुरे करता आलेले. कोट्या गेल्या, टोमणे गेले, ज्या आडपडद्यामागून हा माणूस तीस वर्षे बोलत होता तो पडदाच गेला. पूर्वी त्याला 'मी घाबरलो आहे' असे म्हणायचे असते तर त्याने ते दहा वळणे घेऊन, शेवटी हसून म्हटले असते. आता वळणे घेण्याइतके शब्द जवळ नाहीत. म्हणून तो सरळच म्हणतो.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे आजाराने त्याचे भलेच केले तर! हे बोलणे मला मान्य नाही. दुःखाने माणूस मोठा होतो असे सांगणारे लोक बहुधा दुसऱ्याच्या दुःखाबद्दल बोलत असतात. जे गेले ते गेलेच. तो शब्दांचा खेळ, ती उजव्या हाताची गिटार, दोन्ही मोलाची होती. मी एवढेच म्हणतो, की ते गेल्यावरही त्याच्याजवळ काहीतरी शिल्लक होते. चाल बांधण्याची जाण होती. ठेका कोठे तुटावा आणि कोठे धरावा याची पारख होती. एखादे सुरावटीचे वळण 'हे नको' म्हणून नाकारण्याची कुवत होती. भाषा गेली म्हणजे बुद्धी गेली असे नव्हे, रुची गेली असे तर मुळीच नव्हे. ध्वनिमुद्रणगृहात मोडक्या वाक्यांतून तो जे सांगे ते 'होय' आणि 'नाही' एवढ्यावरही चालू शके. आणि मघाशी आपण म्हटले ना, की एकट्या म्होरक्याला 'नको' म्हणणारा कोणी नसतो? येथे स्वतःच्या शरीरानेच त्याला पावलोपावली 'नको' म्हटले होते. जे एक कडवे तोंडातून निघायला आठवडा लागतो, त्यात फालतू शब्द कोण घालील?

म्हणून मी सुरुवातीला म्हटले, की तबकडीवर एकाचेच नाव होते आणि तेच योग्य होते. हात दुसऱ्यांचे होते, काही शब्दही दुसऱ्यांनी हाताशी दिले असतील. पण यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे, ते त्याने ठरवले. एकट्याच्या नावाची तबकडी म्हणजे एकट्याने वाजवलेली तबकडी नव्हे. ज्याच्या 'होय'ने आणि 'नाही'ने ती घडली, त्याची ती.

पुढची हकिगत थोडक्यात. २०१३ साली त्याने स्वतः सुरू केलेल्या संस्थेतर्फे पुढची तबकडी काढली. म्हणजे गडी पुन्हा पोस्टकार्डाच्या रीतीवर आला. नंतर तो आणि ग्रेस लंडन सोडून स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडे, समुद्रकाठच्या हेल्म्सडेल या गावी गेले. ते त्याच्या आजोबांकडचे गाव. तेथे टेकडीवर त्याने पुन्हा एक ध्वनिमुद्रणगृह उभारले. २०१९ सालच्या तबकडीला त्याने त्या परिसरातल्या 'बॅडबी' या ओसाड वस्तीचे नाव दिले. जमीनदारांनी मेंढरांसाठी हुसकावून लावलेली कुळे त्या कड्यावर येऊन राहिली होती, आणि तेथला वारा असा की मुले समुद्रात पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवीत. २०२५ सालच्या तबकडीचे नाव तर आपल्या रेडिओवाल्यांच्या जिव्हाळ्याचे आहे. 'राष्ट्राने राष्ट्राशी शांतीची भाषा बोलावी' हे बीबीसीचे ब्रीदवाक्य. त्यातला 'शांती' हा शब्द वगळून जे उरते ते या तबकडीचे नाव. रेडिओवरच्या मुलाखतीनंतर दोनच दिवसांत ज्याचे बोलणे हरपले, त्याने वीस वर्षांनी रेडिओचेच ब्रीद आपल्या तबकडीला द्यावे, यात त्याचा जुना मिस्कीलपणा परत आला आहे असे मला वाटते.

त्याच्या रंगमंचावरच्या कार्यक्रमांविषयी एक गोष्ट सगळे सांगतात. दोन गाण्यांच्या मध्ये तो श्रोत्यांशी बोलतो तेव्हा शब्द एकेक करून, लांब अंतराने येतात. मग वाद्ये सुरू होतात, आणि तोच माणूस भरघोस आवाजात अख्खे गाणे न अडखळता म्हणतो. गाणे संपले की पुन्हा शब्दांची वाट पाहणे. त्या मधल्या अंतरात श्रोते काय करतात? थांबतात. कोणी त्याचे वाक्य पुरे करीत नाही.

आणि येथे मला पुन्हा वाड्यातले आजोबा आठवतात. त्यांचा शब्द ओठांशी आला की आम्ही अधीरपणे विचारीत असू, 'पाणी का? चष्मा का? पडवीत जायचंय का?' ते डोळे मिटून घेत. आम्हाला वाटे आम्ही मदत करतो आहोत. खरे म्हणजे आम्ही त्यांच्या हातातली एकुलती एक गोष्ट काढून घेत होतो. त्यांना काय हवे होते ते आम्हाला अनेकदा कळलेच नाही, कारण आमचे अंदाज संपेपर्यंत ते दमून जात. आरतीच्या वेळी मात्र त्यांना कोणी तोडीत नसे. तेवढा वेळ त्यांचा होता.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असे माणूस असेल. ज्यांच्या घरी नाही त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की अचानक बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, एक हात उचलेनासा झाला, तर खाण्यातून काही बाधले असेल म्हणून वाट पाहू नये, त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. तेथे वाट पाहणे घातक. पण माणूस वाचून घरी आले, खाटेवर बसले आणि त्याचे ओठ हलू लागले, की त्या वेळी मात्र वाट पाहावी. शब्द येईल. उशिरा येईल, मोडका येईल, कदाचित भलताच येईल. तो त्याचा असेल. आपला उजवा हात त्याला जरूर द्यावा, पण तार कोणती दाबायची, ते त्याच्या डाव्या हाताला ठरवू द्यावे.